सतराव्या लेण्यातले ते राशिचक्र नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्या लागल्या की जळगाव-धुळ्याकडची मंडळी पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला निघतात. तिथे १७ क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या डाव्या टोकाला, भिंतीवर एक मोठे चक्र रंगवलेले आहे. 'हे राशिचक्र' म्हणत लोक आत सरकतात. इंग्रजांच्या काळी या लेण्याला नावच तसे पडले होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिबेटी बौद्ध धर्माचे अभ्यासक वॉडेल यांनी ते तिबेटी चित्रांशी ताडून पाहिले आणि हे भवचक्र, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्याचे बौद्ध चित्र, असल्याचे दाखवून दिले. तरी राशी काही हटत नाहीत.

गिलावा गळाल्याने चक्राचा बराच भाग गेला आहे. म्हणून आधी कडेवर पकड घेतलेले हात शोधावेत. ते अनित्यतेचे. हे चक्र कसे काढायचे याचा आराखडा मूलसर्वास्तिवादी विनयात (त्या बौद्ध पंथाच्या भिक्षूंच्या नियमग्रंथात) आहे: पाच आरे, म्हणजे पुनर्जन्माच्या पाच गती: खाली नरक, पशू आणि प्रेत (भुकेली भुते), वर देव आणि माणसे. मध्यभागी कबूतर, साप आणि डुक्कर, म्हणजे अनुक्रमे राग, द्वेष आणि मोह. इथला 'राग' म्हणजे आसक्ती, संताप नव्हे. घोटाळा बहुधा इथेच होतो. मरणारे-जन्मणारे जीव रहाटाच्या गाडग्यांसारखे वरखाली जाताना दाखवावेत, असेही तिथे म्हटले आहे. तिबेटी चित्रांत पुढे कबुतराचा कोंबडा झाला आणि असुर धरून गती सहा झाल्या.

कडेवर बारा निदाने, म्हणजे जन्म-मरणाच्या कारणांची साखळी. ती तिबेटी पटांवर शाबूत असतात, म्हणून वाचायला तिथूनच शिकावे. आंधळा म्हणजे अविद्या, मडकी घडवणारा कुंभार म्हणजे संस्कार (कर्मे), माकड म्हणजे विज्ञान (जाणीव). डोळ्यात बाण घुसलेला माणूस म्हणजे वेदना, अर्थात सुखदुःखाचा अनुभव. त्याच्या पुढच्याच चित्रात कोणीतरी पेय पीत असतो, ती तृष्णा. मग फळ तोडणारा (उपादान, म्हणजे धरून ठेवणे) आणि शेवटी खांद्यावरचे मढे, म्हणजे जरा-मरण. बाण आणि पेय शेजारी का, म्हणजे अनुभवातूनच तृष्णा उपजते, हे उमगले की बाकीची साखळी आपोआप लागते.

याच लेण्याच्या शिलालेखात दाता राजा धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर अनित्यतेच्या विचाराकडे वळल्याचे सांगितले आहे. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात आणि त्याचा ऋषीक प्रांत म्हणजे आपला खानदेश, असे अनेकांचे मत आहे. दारातले हे चक्र पाहताना हा शिलालेख जरूर आठवावा.

विनयात चित्रासोबत ते समजावून सांगायला दारात एक भिक्षू नेमायलाही सांगितले आहे. आज भिक्षू नको, पण गळालेले भाग तुटक रेषांनी भरून दाखवणारा, मराठीतला एक रेखाचित्र-फलक व्हरांड्याबाहेर लागावा. भिंतीला हात न लावता आणि फ्लॅश न मारता चित्र वाचता येईल. तोवर पाहुण्यांना नेणाऱ्यांनी तिबेटी भवचक्राचा एक स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. आणि सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे पाहून निघावे.

– लेण्यांचा अभ्यास करणारे काही वाचक, जळगाव