शीट चढवायचं मशीन भाड्यानं देताना तार तरी बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी वडगावचा, फॉल सीलिंगचं काम करतो, १४ वर्षं झाली. गणपती जवळ आले की आमची काय धावपळ असते ते बेळगावात सांगायला नको, ज्याला त्याला चतुर्थीच्या आत हॉलचं सीलिंग पूर्ण पाहिजे. पूर्वी दोघं घोड्यावर, म्हणजे उंच स्टँडवर, उभं राहून डोक्यानं जिप्सम शीट दाबून धरायचे नि तिसरा स्क्रू मारायचा, आता बरेच जण शीट लिफ्टर, म्हणजे चाक फिरवून तारेनं शीट छतापर्यंत चढवायचं मशीन, भाड्यानं आणतात. मशीन चांगलं आहे, मान वाचते, त्याच्यावर राग नाही.

गेल्या वर्षी टिळकवाडीत एका फ्लॅटमध्ये काम चालू होतं, शीट सेक्शनला, म्हणजे वरच्या पत्र्याच्या पट्टीला, जरा तिरकी लागली म्हणून पोरानं थोडी खाली घ्यायला ब्रेक सोडला आणि त्याच वेळी चाकावरचा हात पण काढला. झालं, चाक गरगर फिरलं, हँडल मनगटावर बसलं आणि शीट ठेवायच्या पाळण्यासकट शीट दाणकन खाली. दीड महिना प्लास्टर. चूक पोराची होतीच, नाही म्हणत नाही, पण त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं की ब्रेक सोडला तरी चाक हातात धरूनच हळू हळू उतरवायचं असतं. मी पण नाही सांगितलं, तेवढं माझ्याकडं लागतं. नंतर मशीन बघितलं तर तार गुंडाळायच्या ड्रमजवळ तारेचे तंतू तुटून उभे राहिलेले, हात फिरवला की बोटात घुसायचे. दुकानवाला म्हणतो, मशीन चांगलंच दिलं होतं की.

मशीनवर सूचनांचा इंग्लिश स्टिकर होता, तो पण पुसलेला, वाचता येत होता तो फक्त वजनाचा आकडा. नेहमीचं मशीन ६८ किलोपर्यंत उचलतं आणि ६ बाय ४ फुटाची साडेबारा एमएमची शीट २० किलोच्या आसपास, मग लोक हिशोब करतात, तीन शीट एकदम टाकूया, वजनात बसतंय की. अहो पण पाळण्याच्या हुकात धरायला एकच शीट नीट बसते, वरची सरकते! त्यात आपल्याकडच्या पावसात गोडाऊनमध्ये ओल धरलेली शीट असली तर मधेच वाकून मोडते. एकानं तर करकर आवाज येतोय म्हणून ब्रेकवरच तेल सोडलं होतं, आता ब्रेकला तेल म्हणजे काय बोलायचं. पाळण्यावर बसून पंख्याचा हुक बसवणारा पण मी बघितलाय. दुसरं, जमिनीवर पीओपीचे गोळे, वायरचे तुकडे पडलेले असतात, शीट वर तशीच ठेवून मशीन ढकललं की खालचं चाक अडकतं आणि सगळं आडवं होतं. आधी खाली घ्या, मग ढकला. आणि स्क्रू पुरे बसल्याशिवाय पाळणा काढू नका, घाई कितीही असू दे.

आमच्या गँगमध्ये खानापूरकडची मराठी पोरं आहेत, गोकाकचे दोघं कानडी, दोघं बिहारचे. पाटी कुठल्या भाषेत यावरनं आपल्या गावात भांडण व्हायला वेळ लागत नाही, पण या मशीनवर तिन्ही भाषेत लिहा, नाहीतर चित्रं काढा, कुणी काही म्हणणार नाही.

भाड्यानं देणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, मशीन टेम्पोत चढवायच्या आधी आमच्यासमोर तार पूर्ण सोडून दाखवा आणि ब्रेक एकदा वजन लावून बघा. पाच-दहा मिनिटं लागतात. डिपॉझिट मोजायला पण तेवढाच वेळ लागतो की तुम्हाला.

आपला,
एक फॉल सीलिंग मेस्त्री, वडगाव, बेळगाव