दहा वर्षांची दुभाषी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पाच महिने तुला पत्र लिहिले नाही, याची मला खरोखर लाज वाटते. प्रकृती बरी आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्याविषयी एवढेच. आज लिहायला बसलो तो गुरुवारी आमच्या समुपदेशन केंद्रात घडलेल्या प्रसंगामुळे. घरी सांगितला, ताईंनाही सांगितला. पण त्यात नेमके काय बिघडले, हे तुलाच कळेल.

आश्रयासाठी अर्ज करून 14 महिने निकालाची वाट पाहणारी एक बाई आली होती. ठरलेल्या दुभाषी बाई ऐनवेळी आल्या नाहीत, म्हणून तिची 10 वर्षांची मुलगी मध्ये बसली. तेव्हाच मी भेट पुढे ढकलायला हवी होती. मी विचारले, "रात्री झोप लागते का?" आई बराच वेळ बोलली, थांबली, पुन्हा बोलली. मुलीने सांगितले, "हो, लागते." दुसऱ्या प्रश्नालाही तसेच. तिचा हात स्वेटरच्या चेनवर होता. आई बोलू लागली की चेन गळ्यापर्यंत वर जाई आणि उत्तर देताना खाली येई. तिसरा प्रश्न मी वडिलांविषयी विचारला. आईने उत्तर दिले आणि चेन वरच राहिली. आई काय म्हणाली, ते मला अजून माहीत नाही. मुलीने मात्र ते त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले असावे.

शाळेतल्या बाई तुझ्या खोड्या सांगत असताना तू आईला "मुलगा फार हुशार आहे" असे भाषांतर करून सांगायचास, यावर आपण किती वेळा पोट धरून हसलो! त्यावरूनच मी एकदा म्हणालो होतो, की घरचा दुभाष्या झाल्यामुळे तू लवकर शहाणा झालास. तू ताडकन उठून गेलास आणि दोन महिने बोलला नाहीस. इस्पितळात आईला तिच्या गाठीचा अर्थ नऊ वर्षांच्या तूच सांगितला होतास, हे मला पुढे दादांकडून कळले. तेव्हा मी माफी मागितली, पण समजून मागितली नव्हती. ती आज मागतो.

मुलांना दुभाषी करू नये, हे मला पाठ आहे. दुभाषी प्रशिक्षित असावा, त्याने "ती म्हणते" असे न म्हणता "मी" म्हणूनच बोलावे, आणि तो त्याच समाजातला असेल तर बोलणाऱ्याला त्याची धास्ती वाटते का, हे आधी विचारावे, असे मी इतरांना शिकवतो. शिवाय काय घडले ते सांगण्यासाठी कोणावर दडपण आणू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. तरीही मी मागचेच उकरत बसलो. त्याच संघटनेने 2016 मध्ये मांडलेली पाच बैठकांची पद्धत आजच्या अडचणींपासून सुरू होते: श्वास संथ करायचा, सुटण्याजोगी एक अडचण निवडायची, बंद पडलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती घ्यायची, आधाराची माणसे जोडायची. विशेष म्हणजे थोड्या प्रशिक्षणानंतर सामान्य कार्यकर्तेही ती देखरेखीखाली राबवू शकतात.

पण निकाल लांबत गेला, की नुसत्या संथ श्वासाने काय होणार? तू म्हणायचास, "आधी कागद, मग समुपदेशन," आणि मी तुला कोरडा ठरवायचो. युद्धातून निसटलेल्या माणसाला इथली अनिश्चितता, बेकारी आणि कुटुंबाची ताटातूट पुन्हा पुन्हा खचवते, हे अभ्यासांतही दिसून आले आहे. त्या बाईने येताना वकिलाच्या पत्राची घडी हातात धरली होती. मी ती उघडायलाही सांगितले नाही.

वहिनींना नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. धाकटीला आशीर्वाद.

मंगळवारी त्या दोघी पुन्हा येणार आहेत. दुभाषी बाई नक्की ठरल्या आहेत, आधी पत्र वाचायचे असेही मी ठरवले आहे, आणि मुलीसाठी शेजारच्या खोलीत रंग ठेवले आहेत. तिला तिकडे नेण्यापूर्वी मला तिच्याशी दोन वाक्ये बोलायची आहेत, आणि ती मला सुचत नाहीत. इस्पितळातून बाहेर पडताना तुला कोणी काय म्हणायला हवे होते? सोमवारपर्यंत कळव.

तुझाच