ताई, त्या रात्री ओटीवर बसून फॉर्म समजावलात त्याबद्दल

ताई, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितेय. पण हे सगळ्यांसमोरच लिहायचं होतं, कारण माझ्यासारख्या अजून आया असतील, खेडला कुडाळला, ज्यांच्या मुली मोबाइलवर बघून बॅले शिकतायत आणि स्पर्धेचा फॉर्म आला की कुठल्या चौकोनात टिक करायची तेच कळत नाही.

गेल्या वर्षी आम्ही चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेसने स्पर्धेसाठी मुंबईला गेलो, लेक नाचली पण छान, आणि मार्क एकदम कमी. कागदावर एकच ओळ, हा कंटेम्पररी नाही. येताना पोर पनवेलपासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, तिला वाटलं आपल्याला नाचताच येत नाही. आणि फॉर्म तर मी भरलेला, नवीन गाणं म्हणजे कंटेम्पररी असं मला वाटलेलं.

मग तुम्ही गणपतीला शेजारच्या काकूंकडे आलात. गौरीची रात्र, अंगणात जाखडी रंगलेली, मधे गाणारे बसलेत, भोवती पोरं चाळ बांधून नाचतायत, आणि तुम्ही लेकीला विचारलंत, हेच स्टेजवर बसवायचं तर काय बदलशील गं? ती म्हणाली, गोल मोडायला लागेल, नाहीतर लोकांना पाठच दिसेल. तुम्ही टाळीच दिलीत तिला! कॅरेक्टर डान्स म्हणजे हेच म्हणालात, हंगेरीचा चारदाश, पोलंडची माझुर्का, लोकांचे नाच बॅलेवाल्यांनी टाचेचे बूट घालून स्टेजसाठी बसवले, स्वान लेकच्या तिसऱ्या अंकात असतात ते. आम्ही तर कॅरेक्टर म्हणजे पात्र रंगवायचं असं धरून चाललेलो. पात्र रंगवायचं पण पाऊल क्लासिकलच ठेवायचं, ते डेमी-कॅरेक्टर.

मग ओटीवर फॉर्म घेऊन बसलात. क्लासिकलमध्ये व्हेरिएशन, म्हणजे एकटीने करायचा नाच, जुन्या बॅलेतलंच, पेतिपासारख्या नाच बसवणाऱ्यांनी 19व्या शतकात बसवलेलं, परीक्षकांनी ते इतक्यांदा बघितलेलं असतं की तिथे लपवायला जागाच नाही, पाय कमरेच्या खुब्यापासून बाहेर वळलेला नसला की लगेच दिसतं. निओक्लासिकलमध्ये पायाचं काम तेच, पण नाच बसवणाऱ्या बॅलन्शिनने 1928 च्या अपोलो या बॅलेपासून दाखवलं तसं कंबर बाहेर जाते, तोल मुद्दाम सुटतो, गोष्ट मागे आणि संगीत पुढे. कंटेम्पररीत अंगाचं वजन जमिनीला द्यायचं, पाय सरळसुद्धा चालतात, श्वासावरनं हालचाल निघते, आणि मॉडर्न डान्सवाल्या मार्था ग्रॅहमचं ते पोट आत आकसणं तुम्ही स्वतः तिथेच बसून करून दाखवलंत, मला आत्ताही डोळ्यासमोर दिसतंय. लिरिकल म्हणजे बॅले आणि जॅझ मिळून, गाण्यातल्या शब्दांमागे भाव घेऊन जाणारं.

लेकीने विचारलं यातलं मोठं कुठलं. तुम्ही म्हणालात असं काही नसतं, स्वित्झर्लंडला 1973 पासून प्री द लोझान ही बॅलेची स्पर्धा चालते, तिथे क्लासिकल आणि कंटेम्पररी दोन्ही करावं लागतं.

हे सगळं कुठे वाचूनही कळलं असतं कदाचित. पण त्यानंतर तुम्ही गेल्या वर्षीचा व्हिडिओ मागितलात आणि तीनदा बघितलात, आरतीला हाक आली तरी उठला नाहीत, आणि तिच्याकडे बघून म्हणालात, बाळा हा चांगला लिरिकल आहे, फक्त चुकीच्या दारात उभा होता. ताई, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. वर्षभर मी तिला नाही गं छान नाचलीस म्हणत होते, पण आईचं बोलणं पोरं कुठे खरं मानतात. तुम्ही जाणकार, तुम्ही कारण दाखवलंत, म्हणून तिला पटलं.

आणखी एक सांगितलंत ते इतर आयांसाठी लिहिते. प्रत्येक स्पर्धेची व्याख्या वेगळी असते, कुणी लिरिकल कंटेम्पररीतच धरतं, कुणी ओपनमध्ये, तेव्हा नावावर जाऊ नका, खालचे नियम पूर्ण वाचा आणि नाही कळलं तर आयोजकांना सरळ फोन करून विचारा. पॉइंटचे, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे, बूट मात्र शिक्षकांनी पाय बघून हो म्हटल्याशिवाय घालायचेच नाहीत, कॅटेगरी गेली तरी चालेल.

यंदाचा फॉर्म लेकीने स्वतः भरला, लिरिकलवर टिक केली. गेल्या वर्षीचा तो मार्कांचा कागद कपाटात कपड्यांखाली घातलेला होता, तो तिने बाहेर काढून नाचाच्या वहीत चिकटवलाय.

तुमच्यासाठी कोकमाचं आगळ बाटलीत भरून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात भाऊजी दादरला येतायत त्यांच्याकडे देते, घरी कधी असता तेवढं कळवा.