ओलावा किती? पाच गुणांची टीप

संपादक महोदय,

मी कळंब तालुक्यातली. 2024 साली बीएला आले, मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याच दिवाळीत आण्णांबरोबर सोयाबीन घेऊन अडतीवर गेले होते. एका खरेदीदाराच्या मीटरवर ओलावा 13 आला, पलीकडच्या गाळ्यावर त्याच पोत्याचा 16. आण्णा काही बोलले नाहीत, 13 वाल्याकडं माप केलं. त्यानं दर आधीच पाडून धरला होता.

पुढं वर्गात 'असममित माहिती' आली, म्हणजे सौद्यात एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त ठाऊक असणं. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून ती मांडली. तिथं खरी माहिती विकणाऱ्याकडं असते. आमच्याकडं मीटरच घेणाऱ्याच्या हातात! मी उठून हे विचारलं. सरांना प्रश्न आवडला, पण म्हणाले, ''परीक्षेला पाच गुणांची टीप येते, तेवढं नीट लिही.''

मला चौथं, ऑनर्सचं वर्ष करायचंय, प्रकल्पाचा विषयही ठरलाय. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की सरकारी खरेदी केंद्रावरून माल परत. नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ही अट 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. मग अडतीवरचा दर हलला का? खरेदी केंद्राचं दार उघडलं तर व्यापाऱ्यालाही दर वाढवावा लागेल, हे तर्काला धरून आहे. पण हंगाम सरला की आवक घटते, दर त्यानंही वाढतो. यातलं कशामुळं किती, हे वेगळं काढायला रिग्रेशन ही सांख्यिकीतली पद्धत लागते. आमच्याकडं ती व्याख्येपुरती.

सल्ला मिळाला, 'सोयाबीन उत्पादकांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास' घे, पन्नास प्रश्नावल्या भरून आण. समस्या विचारायला मला घराबाहेर जावं लागत नाही.

सांख्यिकीचा विभाग आमच्याच महाविद्यालयात आहे, मैदानापलीकडं, विज्ञान शाखेत. शाखांच्या भिंती आता नाहीत, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. वेळापत्रकात मात्र त्यांचा तास आणि आमचा सक्तीचा तास एकाच वेळी. विद्यापीठानं सांख्यिकीचा एक पेपर अर्थशास्त्राच्या मुलांना घेऊ द्यावा, त्याचे क्रेडिट धरावेत, एवढीच मागणी. आमच्यातल्या बहुतेकांचं गणित दहावीनंतर सुटलं, हे खरं. त्यासाठी मराठीतून उजळणी ठेवा. चुलतभावाच्या बारावीच्या पुस्तकावरून मी थोडं विकलन, म्हणजे बदलाचा वेग काढायचं गणित, शिकले, तेव्हा कुठं सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढायला येणारा जादा खर्च, डोक्यात शिरला. तोवर नुसती व्याख्या पाठ होती.

दर मी तुमच्याच अंकातल्या बाजारभावाच्या चौकटीतून वहीत उतरवलेत. नोव्हेंबर 2024 मधले चार दिवस कोरे आहेत. ते अंक वाचनालयात नाहीत. तुमच्या कार्यालयात येऊन पाहता येतील का?

— अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी, ता. कळंब, जि. धाराशिव