महाविद्यालयीन हॉकीचे श्रेय विसरू नये

१९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या आइस हॉकी संघाने सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले, त्यावरील रविवारचा लेख वाचला. लेख उत्तम आहे. मात्र विजेते म्हणजे ऐनवेळी गोळा केलेली नवखी मुले, हे त्यातील चित्रण पटले नाही. महाविद्यालयीन स्पर्धांचा उल्लेखही न करता सारे नशिबावर सोडणे हा त्या खेळाडूंवर अन्याय आहे. आदल्याच वर्षी, मार्च १९७९ मध्ये, डेट्रॉइटला राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मिनेसोटा विद्यापीठाने नॉर्थ डकोटाला ४-३ असेच नमवले होते. निर्णायक गोल पहिल्या वर्षात शिकणाऱ्या नील ब्रोटनचा. प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांचे १९७४ आणि १९७६ नंतरचे हे तिसरे विजेतेपद. तेच पुढे ऑलिम्पिक संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या २० जणांच्या चमूत मिनेसोटाचे ९ खेळाडू होते. गुणवत्ता किती होती पाहा: १९७९ च्या त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला गोलरक्षक स्टीव्ह जानाझॅक याला लेक प्लॅसिडला एक मिनिटही मैदानात उतरावे लागले नाही.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, नाशिक