किट वाटलं, पण माप कोणी घेतलं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याकडल्या एका ग्रामपंचायतीचा फोटो आला होता, सफाई कामगारांना ड्रेस अन् सुरक्षा किट वाटप. पाच-सहा पुढारी, मधात दोन बाया अन् एक म्हातारा, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकचं पाकीट. फोटो चांगला आला, पण पाकीट बंदच होतं. ते उघडल्यावर काय झालं ते मी सांगते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिन्ही पाकिटं माझ्या दुकानात आली होती.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. 19 वर्षं झाली. दोन मशीन घरच्या अन् दोन बचत गटाच्या. गावाचं नाव देत नाही, उगाच कोणाशी वाकडं कशाला, उद्या त्याच लोकांच्या घरच्या लग्नाचे ब्लाउज माझ्याकडेच यायचे आहेत.

तर पाकिटात होतं काय? एक निळा कोट, एक पँट, रबरी हातमोजे, गमबूट, मास्क, अन् ते चमकणाऱ्या पट्टीचं जाकीट. झाडणाऱ्या दोघी बाया, एकीची उंची जेमतेम पाच फूट, कोट एक्सएल. बाही हातापासून वीतभर खाली लोंबे. पँट मापाची नाही अन् ती साडीवर घालायची कशी हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नाही. बूट तिघांनाही 9 नंबर. मोठीचा पाय 5 नंबरचा. तिनं बूट घालून चार पावलं टाकली अन् म्हणाली, "ताई, याच्यात तं मी नालीतच पडीन वं." आम्ही दोघी हसलो. पण हसण्यासारखं नव्हतं ते. ढिला गमबूट घालून ओल्या नालीच्या काठावर उभं राहण्यापेक्षा चप्पल बरी, म्हणून त्या चपलेवरच काम करून राहिल्या, अन् रजिस्टरमध्ये मात्र त्यांची सही आहे की सुरक्षा साधनं मिळाली.

मी एकीला विचारलं, तुमचं माप कोणी घेतलं होतं का? तर म्हणे, माप कायले घेतील, सामान तं तालुक्यावरून येते.

माझं म्हणणं सगळं याच्यातच आलं. सरकारी कपडा खरेदी करताना कागद भरपूर होतात, कोटेशन, टेंडर, मंजुरी, बिल, पोचपावती, पण टेप घेऊन अंगाजवळ कोणी जात नाही. खेड्यातला सगळ्यात साधा शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, अन् इथं शेकडो नग अंदाजानं येतात. मोठे इतके, मध्यम इतके, झालं.

आता दुसरी गोष्ट, कापडाची. पावतीवर लिहिलं होतं कॉटन मिक्स, 210 जीएसएम. हे जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम ते. लोकांना वाटते याला लॅब लागते. नाही लागत बाप्पा. 10 सेंटीमीटर बाय 10 सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा कापायचा, सोनाराच्या काट्यावर ठेवायचा, जे ग्रॅम येतील त्याला शंभरानं गुणायचं. कोट छोटा करताना माझ्याकडे तुकडे निघालेच होते, सोनार माझ्या गल्लीतला. काटा थांबला 1.6 वर. म्हणजे 160. दोनशे दहाच्या पैशात एकशे साठ. अन् कॉटन किती तेही पाहिलं, दोन-तीन धागे काढून काडी लावली तर वितळून काळा मणी झाला, राख जवळपास नाहीच. सुती धागा असता तर कागद जळल्यासारखा वास आला असता अन् भुरभुर राख पडली असती. कॉटन मिक्समध्ये दोन्ही थोडं थोडं दिसायला पाहिजे, इथं मणीच मणी. आता मे महिन्यात आमच्याइकडे पारा 45 च्या आसपास जाते. त्या उन्हात हा पॉलिस्टरचा कोट घालून रस्ता झाडायचा म्हणजे अंगावर ताडपत्री घेतल्यासारखंच. बाई कोट काढून ठेवणार नाही तर काय करणार? अन् मग साहेब लोक म्हणतात, दिलं तरी हे लोक वापरत नाहीत.

"दिलं तरी वापरत नाहीत" हे वाक्य मी फवारणीवाल्यांबद्दलही लय ऐकलं. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर कास्तकार अन् शेतमजूर गेले, शेकड्यांनी दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर धरला की सगळं अंगावर पडायचं. औषध नाकातोंडातूनच जाते असं नाही, ओल्या कपड्यातून कातडीतूनही जाते. नंतर किटा आल्या, चष्मा, मास्क, हातमोजे, ॲप्रन. कायद्यात तर हे आधीपासून आहेच, 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांचं वेगळं कलम आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंप घेऊन, प्लास्टिकच्या ॲप्रनमध्ये माणूस दोन तासांच्या वर टिकत नाही, माझा दीर टिकला नाही. त्यानं ॲप्रन धुऱ्यावर बाभळीला अडकवला अन् बनियनवर फवारलं. मग मी त्याला जाड सुती कापडाचा पूर्ण बाहीचा सदरा शिवून दिला, गळा बंद, मनगटाला इलॅस्टिक, काखेत मोठी कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, टाकली म्हणजे हात वर केला तरी ओढत नाही, अन् पंप टेकते तिथं पाठीवर तेवढा प्लास्टिकचा पट्टा. विषाला तो पुरा पडते असं मी म्हणत नाही. पण तो अंगावर राहते. फवारून आला की वेगळा धुवायचा, घरच्या कपड्यात टाकायचा नाही, एवढं जावेनं पाळलं.

कोणी म्हणेल, मग तुम्हीच भरा ना टेंडर. बचत गटानं प्रयत्न केला. अट काय, तर मागच्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा अन् अनामत भरा. आमची उलाढाल म्हणजे पोळ्याला अन् दिवाळीला जे शिवलं ते. केंद्र सरकारच्या खात्यांना अन् कंपन्यांना 2012 पासून लहान उद्योगांकडून खरेदीचं धोरण लागू आहे, आता त्यांनी 25 टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची, त्यातले 3 टक्के बायांच्या उद्योगांकडून, अन् लहान उद्योगाला अनामत माफ. वाचून लय बरं वाटलं. पण आमच्या टेबलावरचा बाबू म्हणे, ते दिल्लीचं आहे ताई, इथं आमची अट चालते. तीन कोटेशन मागवली होती म्हणे. मी पाहिली ती. तीन दुकानांची तीन कोटेशनं, अन् स्पेलिंगची चूक तिन्हीत एकच.

सगळं काम खाली दिलं की आपोआप चांगलं होते असंही नाही, हे मी आमच्या बायांच्या तोंडावर सांगते. 2024-25 मध्ये राज्यानं शाळेच्या गणवेशाचं कापड एका जागेवरून घेतलं अन् शिलाई बचत गटांकडे दिली, एका ड्रेसला शिलाईचे 100 अन् वरखर्चाचे 10 रुपये. माझ्या दुकानात शर्ट-हाफपँटचे मी 220 घेते अन् त्यातही उधारी. शंभर रुपयात काज-बटण, दुहेरी शिलाई, आत दाबून ठेवायचं जादा कापड हे सगळं कोण करणार? त्यातही पोट्ट्यांची मापं अंदाजाची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी-जुलैत सुरू होते, तरी पुष्कळ ठिकाणी पोट्टे पंधरा ऑगस्टला जुन्याच कपड्यात झेंड्याला उभे. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं निर्णय फिरवला अन् पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे खरेदी दिली. बरं केलं. समितीला एका ड्रेसचे 300 रुपये, दोनाचे 600, त्यात कापड अन् शिलाई दोन्ही बसवायचं आहे, ओढाताण आहेच, पण निदान गुरुजी पोराला दुकानात पाठवून माप तरी देऊ शकतात.

मी फार मोठं काही मागत नाही. ऑर्डर काढायच्या आधी ज्याच्या अंगावर कपडा जाणार त्याचं माप अन् पायाचा नंबर कागदावर घ्या, त्याला एक चहाचा वेळ लागते. मंजूर केलेल्या कपड्याचा एक नमुना सही-शिक्का मारून पंचायतीच्या कपाटात ठेवा, माल आला की त्याच्याशी ताडून पाहा, वजन करा, पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून रंग जाते का पाहा. दुरुस्तीचा खर्च रेटमध्येच धरा, कारण आज तो त्या झाडणाऱ्या बाईच्या पदरचा जाते. ते दोन कोट छोटे करायचे मी पैसे घेतले नाही, पण सुईदोरा मलाही फुकट मिळत नाही. अन् पोचपावतीवर सही घ्यायच्या आधी कपडा अंगात घालून पाहू द्या.

गमबुटाच्या दोन जोड्या अजून माझ्याच दुकानात मशीनखाली पडून आहेत, बायांनी नेल्या नाहीत. म्हाताऱ्याला मात्र बरोबर बसले, तो त्याचे घेऊन गेला.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ