बाबा, पोटरी दुखली की थांबा, पण घरी परतू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल आई फोनवर म्हणाली, "हे आता कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढतात." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर बाबा "हो हो, बघू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, सर्जननी तुमच्या दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजलं होतं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आलं की पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. तुमच्या उजव्या पायाचं ०.६८ आलं. बसल्या जागी पोटरीला तेवढं रक्त पुरतं, पण चालू लागलं की स्नायूला जास्त ऑक्सिजन हवा असतो, तो पोचत नाही आणि पोटरी आवळून येते. दिवाळीत आमराईच्या वाटेवर तुम्ही मध्येच थांबून मोबाइल बघत उभे राहिलात. मी शेजारीच होते, बाबा. स्क्रीन बंद होता, आणि दुसऱ्या हाताने तुम्ही पोटरी चोळत होतात.

चाललं की दुखतं, म्हणजे चालण्याने पाय आणखी बिघडतोय, असं तुम्हाला वाटतं. कुणालाही वाटेल. पण तुमच्यासारख्या दुखण्यावर चालणं हाच उपचार आहे, आणि तो नवा नाही. कोपनहेगनच्या लार्सन आणि लासेन या डॉक्टरांनी १९६६ साली रोजच्या व्यायामाने अशा रुग्णांचं चालणं सुधारतं हे दाखवलं होतं. तुंबलेली धमनी त्याने मोकळी होत नाही, घोट्याचा तो आकडाही फारसा हलत नाही. बदलतो तो स्नायू. मिळेल तेवढ्या ऑक्सिजनवर तो जास्त काम करायला शिकतो, रक्तवाहिन्या गरजेला जास्त रुंदावतात आणि चालताना दम कमी लागतो.

मात्र रमतगमत चालून भागत नाही. २०२१ साली अमेरिकेत ३०५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. न दुखेल इतपतच आरामात चालणाऱ्यांना काही फायदा झाला नाही. पाय दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं अंतर वाढलं. म्हणून तुमचं चालणं असं हवं: तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखायला लागेल असा वेग धरा. दुखणं मध्यम किंवा त्याहून थोडं जास्त झालं की थांबा, बाकावर बसा. पूर्ण ओसरू द्या. मग पुन्हा चाला. थांबे धरून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, आणि किमान बारा आठवडे. सुरुवातीला बसण्यातच बराच वेळ जाईल. जाऊ दे. सांगलीत चढ नाही, आमराईत सावली आहे आणि बाकही आहेत, यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

काका म्हणतात, स्टेंट टाकून मोकळे व्हा. काहींना तो लागतोच. पण पोटातल्या आणि ओटीपोटातल्या मोठ्या धमन्यांत अडथळा असलेल्यांमध्येसुद्धा, २०१२ साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर देखरेखीखाली व्यायाम केलेले लोक स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालले. आपल्या डॉक्टरांनीही आधी चालायलाच सांगितलं आहे. इको आणि कार्डिओग्राम बघूनच सांगितलं आहे, त्यामुळे हृदयाची धास्ती मनात ठेवू नका. छातीत दडपलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर मात्र तिथेच थांबून फोन करायचा.

आणि सिगारेट. जेवणानंतरची "एकच" सुद्धा नको, बाबा. चालून जे कमवाल ते ती खाऊन टाकेल. रक्त पातळ करणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटलं तरी चालूच ठेवायची.

आई, तुझ्याकडे दोन कामं. एक, रोज रात्री त्यांची पावलं उजेडात बघ, बोटांच्या बेचक्याही. शुगरमुळे त्यांना खुपलेलं कळत नाही, आणि रक्त कमी असलं की साधी जखमही चिघळते. फोड, भेग, काळसर डाग दिसला तर चालणं बंद आणि थेट डॉक्टर. रात्री झोपेतही पाय ठणकायला लागला तरी तसंच. आणि पाय एकाएकी गार, पांढरा पडून खूप दुखू लागला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, त्यात तासांना किंमत असते.

दुसरं, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत जा: कुठपर्यंत गेल्यावर दुखलं, किती वेळा बसले. असं लिहून ठेवणारे, कुणीतरी विचारपूस करणारे लोक घरच्या घरीही टिकून राहतात. विचारपूस मी करीन, रविवारी सकाळी. पहिले काही आठवडे आकडे जागचे हलणार नाहीत, तेव्हा ते सोडून देतील, आणि नेमकं तेव्हाच तू त्यांच्याबरोबर जा. तुझ्या गुडघ्यांनाही थोडं चालणं चालेल, नाहीतर बाकावर बसून राहा.

कॅनव्हासचे बूट कुरिअरने पाठवले आहेत, एक नंबर मोठे, बोटं दबायला नकोत म्हणून. चपला घालून आमराईत जाऊ नका. घालण्याआधी बूट झटकून आत हात फिरवा. सोमवारपर्यंत पोचले नाहीत तर सांगा, मी दुकानात विचारते.

तुमची,
सुनू